टेलिग्राम चॅनलवर पुस्तके आणि व्हिडिओ टाकले, नोटीस आली: विद्यार्थ्यासाठी कायदा नेमका काय सांगतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि वय एकोणीस आहे. वर्गमित्रांसाठी म्हणून तुम्ही एक टेलिग्राम चॅनल काढले. त्यावर पाठ्यपुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, एका कोचिंग संस्थेच्या सशुल्क व्याख्यानांचे व्हिडिओ आणि एका डिझाइन सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत असे सगळे टाकत गेलात. हळूहळू अनोळखी लोक जोडले गेले आणि सदस्यसंख्या काही हजारांवर पोहोचली. आता चॅनलच्या माहितीत दिलेल्या ई-मेलवर त्या कोचिंग संस्थेच्या वकिलांची नोटीस आली आहे: सात दिवसांत अमुक रक्कम भरा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करू. तुम्ही विचारता की तुरुंगात जावे लागेल का, एक रुपयाही कमावलेला नसताना हा गुन्हा कसा, चॅनल डिलीट करून गप्प बसावे का, पुढे नोकरीला अडचण येईल का आणि घरी सांगावे लागेल का.

मी बौद्धिक संपदेच्या आणि तिच्या अनुषंगाने येणाऱ्या फौजदारी प्रकरणांत वकिली करतो. असे प्रश्न घेऊन येणारे बहुतेक विद्यार्थी ‘मी कॉपी केली, हे चुकले का’ इथेच अडकलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ती प्रत तुमच्यापुरती राहिली, की तुम्ही ती इतरांपर्यंत पोहोचवली? वाचणारा आणि वाटणारा यांच्याकडे कायदा एकाच नजरेने पाहत नाही, आणि तुमची अडचण वाटण्यातून आलेली आहे. शिवाय तुमच्या एकाच चॅनलवर पुस्तके, व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर अशा तीन प्रकारच्या गोष्टी आहेत व तिन्हींचे नियम वेगळे आहेत. पुढे जे लिहितो आहे ते भारतातील कायद्यापुरते आहे. नोटिशीचा मजकूर, फायली कोणत्या तारखांना टाकल्या, चॅनलवर जाहिराती होत्या का, अशा तपशिलांवर बरेच अवलंबून असते. त्यामुळे हे उत्तर वाचून झाल्यावरही मूळ नोटीस वकिलाला दाखवावीच लागेल.

स्वतःच्या अभ्यासापुरत्या वापरापासून सुरुवात करू. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(क) मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन त्यात धरून, केलेल्या उचित वापराला मुभा आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकातील एक प्रकरण स्वतःसाठी स्कॅन करणे या मुभेत साधारणपणे बसते. मात्र मुभा ‘उचित’ वापराला आहे, त्यामुळे किती भाग घेतला आणि कशासाठी घेतला हे पाहिले जाते. शिवाय या कलमाखालच्या स्पष्टीकरणात साठवणुकीला दिलेले संरक्षण मूळची प्रत स्वतः बेकायदेशीर नसेल तेव्हाच लागू होते, असा अर्थ लावता येतो. म्हणजे वैध पुस्तकातून घेतलेले स्कॅन आणि चोरट्या संकेतस्थळावरून उतरवलेले अख्खे पुस्तक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे या पोटकलमातून संगणक प्रोग्रॅम स्पष्टपणे वगळले आहेत. त्याकडे पुढे येतो.

केवळ पाहणे किंवा वाचणे हा गुन्हा आहे का, यावर बराच गोंधळ आहे आणि त्याला कारणही आहे. २०१६ साली ब्लॉक केलेल्या संकेतस्थळांच्या जागी एक सूचना झळकू लागली. ते पान पाहणे, डाउनलोड करणे हा तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, असा तिचा सूर होता. मुंबई उच्च न्यायालयात एका चित्रपटाच्या ऑनलाइन चोरीचे प्रकरण चालू असताना न्या. गौतम पटेल यांच्यासमोर या सूचनेचा मजकूर आला. नुसते पाहणे हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. तुमच्या चॅनलवरून पीडीएफ उघडणाऱ्या मुलाला मी जे सांगेन आणि तुम्हाला जे सांगणार आहे, त्यातला फरक इथून सुरू होतो.

विद्यार्थी हमखास पुढे करतात तो दुसरा आधार म्हणजे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील फोटोकॉपी दुकानाचा खटला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा लावला होता. प्राध्यापकांनी सुचवलेल्या पुस्तकांतील निवडक भाग एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिले जात होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशकांचा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने अध्यापनासाठीच्या अपवादाचे, म्हणजे कलम ५२(१)(झ) चे, तत्त्व मान्य करताना एक कसोटी सांगितली: शिकवण्याच्या उद्देशाला जितके आवश्यक आहे तितकी नक्कल चालते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हा निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे आणि मला तो मनापासून योग्य वाटतो. पण त्याच्या केंद्रस्थानी शिक्षक, विद्यार्थी आणि अध्यापन यांचा संबंध आहे. हजारो अनोळखी लोकांसाठी अख्खी पुस्तके इंटरनेटवर खुली ठेवण्याला तो आधार देत नाही. नोटिशीच्या उत्तरात हा निकाल आंधळेपणाने चिकटवला, तर समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात तो खोडून काढेल.

आता वाटण्याकडे येऊ. कलम ६३ नुसार जो कोणी जाणूनबुजून कॉपीराइटचे उल्लंघन करतो किंवा त्यास साहाय्य करतो, त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच किमान पन्नास हजार व कमाल दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. ‘मी पैसे कमावले नाहीत’ हा बचाव गुन्हा नाहीसा करत नाही. कायद्याने त्याची दखल शिक्षेच्या टप्प्यावर घेतली आहे. उल्लंघन व्यापार-धंद्यातील लाभासाठी केलेले नसेल, तर पुरेशी व विशेष कारणे नोंदवून न्यायालय किमान मर्यादेपेक्षाही कमी शिक्षा देऊ शकते, असे परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, त्याच कलमाला जोडलेले आहे. म्हणून चॅनलवरून खरोखर काहीही मिळाले नसेल, तर ते दाखवणारी बँक खात्याची व यूपीआयची नोंद जपून ठेवण्यासारखी आहे. याउलट ‘मदत म्हणून’ कोणाकडून किरकोळ रक्कम घेतली असेल किंवा दुसऱ्या चॅनलची जाहिरात पैसे घेऊन केली असेल, तर चित्र बदलते. ते तुमच्या वकिलापासून लपवू नका.

टॉरेंट वापरणाऱ्यांनी एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी. टॉरेंटवरून फाइल उतरवताना तिचे उतरलेले तुकडे तुमच्याच संगणकावरून इतरांना पुरवले जात असतात. वापरणाऱ्याला आपण फक्त डाउनलोड करतो आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात तो त्याच वेळी वाटतही असतो. हक्कधारकांच्या वतीने नजर ठेवणारे ती फाइल आपसांत वाटणाऱ्या त्याच संगणकांच्या झुंडीत सामील होऊन समोर दिसणारे आयपी पत्ते टिपतात. म्हणजे ज्याला वाचकाची बाजू घ्यायची आहे, त्याच्यासाठी हे माध्यमच अडचणीचे आहे.

तुरुंगाचा प्रश्न. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आहे की नाही, यावर उच्च न्यायालयांमध्ये मतभेद होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे ठरवले. त्यामुळे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता गुन्हा नोंदवू शकतात आणि जामीन हा हक्क म्हणून पोलीस ठाण्यातच मिळत नाही, तो न्यायालयाकडून घ्यावा लागतो. अजामीनपात्र हा शब्द ऐकला की मुलांची झोप उडते, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली पोलीस हजर राहण्याची नोटीस देऊन चौकशी करू शकतात. अशी नोटीस आली तर ती पाळणे हेच अटकेपासूनचे मोठे संरक्षण असते. भीती खरोखरीची वाटावी अशी परिस्थिती असेल, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. पूर्वी गुन्ह्यात नाव नसलेल्या आणि तपासाला सहकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत न्यायालये वय व शिक्षण या बाबी विचारात घेतात. निकाल विरुद्ध गेला तरी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मुभा देणाऱ्या परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा विचार करण्याची विनंती करता येते, आणि एकवीस वर्षांखालील आरोपीला कैदेपासून दूर ठेवण्याकडे त्या कायद्याचा विशेष कल आहे. यातले काहीही आपोआप मिळत नाही, हेही तितकेच खरे.

तुमच्यापेक्षा लहान मुले हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक भर. कृत्य घडले त्या दिवशी वय अठरापेक्षा कमी असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा तिथे किरकोळ वर्गात मोडतो आणि त्याची नोंद पुढे अपात्रतेचे कारण होत नाही. म्हणूनच कोणती फाइल कोणत्या तारखेला टाकली, याला महत्त्व असते. अकरावी-बारावीत सुरू केलेले चॅनल पुढे चालूच ठेवले असेल, तर अठराव्या वाढदिवसानंतर टाकलेली प्रत्येक फाइल प्रौढाचे कृत्य म्हणून मोजली जाते.

शिक्षेपेक्षा तपासच विद्यार्थ्याला जास्त महागात पडतो, असे माझे मत आहे. गुन्हा नोंदला की मोबाईल आणि लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जप्त होतात व न्यायवैद्यक तपासणीला पाठवले जातात. प्रकल्पाचे काम, नोट्स, परीक्षेच्या नोंदणीचे ओटीपी येणारे सिमकार्ड असे सगळे त्यात अडकते. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, यंत्र परत मिळवता येते, पण त्यासाठी न्यायालयात अर्ज, पोलिसांचे म्हणणे आणि तारखा यांतून जावे लागते. सत्रपरीक्षेच्या तोंडावर हे झाले, तर दंडाच्या रकमेपेक्षा हे नुकसान मोठे ठरते.

व्हिडिओंची बाब पुस्तकांपेक्षा गंभीर आहे. नोटीस प्रकाशकाकडून न येता कोचिंग संस्थेकडून आली, यात मला नवल वाटत नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा तयार असतो. या संस्थांच्या ॲपमधील व्हिडिओवर नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याचा मोबाईल क्रमांक फिकट अक्षरांत पडद्यावर इकडून तिकडे सरकत असतो. पुष्कळ पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी खातेदाराचा ई-मेल छापलेला असतो. तो क्रमांक पुसट करून किंवा कडा कापून व्हिडिओ पसरवला, तरी एखाद्या दृश्यात तो राहून जातो आणि संस्थेला मूळ खाते सापडते. ते खाते तुमचे होते की कुणा मित्राचे, हे तुमच्या वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. खाते तुमचे असेल तर कॉपीराइटबरोबरच त्या संस्थेशी केलेल्या कराराचा भंगही जोडला जातो.

यात दोन कलमे आहेत, जी २०१२ च्या दुरुस्तीने आली आणि विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसतात. कलम ६५क नुसार उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण-व्यवस्था फोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ॲपमधील रेकॉर्डिंगची बंदी चुकवणारी साधने वापरून व्हिडिओ काढले असतील, तर हे कलम लावण्याचा प्रयत्न होईल. कलम ६५ख नुसार हक्क-व्यवस्थापनाची माहिती, म्हणजे कृतीचे नाव, निर्मात्याचे किंवा हक्कधारकाचे नाव, वापराच्या अटी इत्यादी, जाणूनबुजून काढून टाकणे हा गुन्हा आहे. व्याख्येत एक बारकावा आहे: वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी असलेली खूण या माहितीत धरलेली नाही. त्यामुळे मोबाईल क्रमांक पुसणे आणि संस्थेचे नाव असलेले बोधचिन्ह पुसणे या कलम ६५ख पुरत्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिशीत या कलमाचा उल्लेख असेल, तर नेमके काय पुसले होते ते वकिलाला त्या दृश्याच्या स्क्रीनशॉटसह दाखवा.

सॉफ्टवेअरविषयी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण वाचणारा आणि वाटणारा हा भेद इथे विरतो. कलम ६३ख नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. हे सगळे नुसते वापरल्याबद्दल आहे. क्रॅक वाटण्याला पुन्हा कलम ६३ लागते. तुमच्या नोटिशीत सॉफ्टवेअरचा उल्लेख नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पण चॅनल तपासात आले की त्यावरचे सगळेच तपासात येते. ज्या डिझाइन सॉफ्टवेअरसाठी मुले क्रॅक शोधतात, त्यांपैकी अनेकांच्या निर्मात्यांकडे विद्यार्थ्यांसाठी मोफत परवाना असतो. आधी महाविद्यालयाच्या ई-मेलवरून तो मिळतो का, ते पाहावे.

‘टेलिग्रामवर ओळख लपलेली असते’ या समजुतीवर पुष्कळ मुले निर्धास्त असतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका शिक्षिकेने आपली पुस्तके व व्याख्याने टेलिग्रामवर पसरवली जात असल्याबद्दल २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आपले सर्व्हर सिंगापूरला असून तिथल्या कायद्यामुळे माहिती देता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ते फेटाळून चॅनल चालवणाऱ्यांची मोबाईल क्रमांक, आयपी पत्ते आणि ई-मेल यांसह माहिती बंद लिफाफ्यात सादर करण्याचा आदेश दिला, आणि कंपनीने माहिती दिली. असे दावे सुरुवातीला अनोळखी प्रतिवादींविरुद्ध लावले जातात. अनोळखी प्रतिवादीला दिलेल्या कामचलाऊ नावावरून अशा दाव्यांतल्या आदेशांना आपल्याकडे वकिलांच्या बोलण्यात ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात. ओळख उघड झाली की त्या नावाच्या जागी खरी नावे घातली जातात.

इथे ग्रुप आणि चॅनल यांतला फरकही कामाचा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी समान हेतू दिसावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या संदर्भात म्हटले आहे. ते प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, तरी त्यातले तत्त्व ग्रुपच्या ॲडमिनला उपयोगी पडू शकते. टेलिग्राम चॅनलवर मात्र फक्त ॲडमिनच टाकू शकतो. तुमच्या चॅनलला दुसरे ॲडमिन होते का, आणि कोणती फाइल कोणी टाकली, याची यादी करणे म्हणूनच गरजेचे आहे.

मागणीच्या रकमेकडे येतो. नोटिशीतला आकडा म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. कलम ५५ खाली मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. पण प्रत्येक कृतीमागे अमुक रक्कम अशी ठरलेली भरपाई भारतीय कायद्यात नाही, नुकसान वादीला दाखवावे लागते. सदस्यसंख्येला अभ्यासक्रमाच्या शुल्काने गुणून काढलेला आकडा नोटिशीत भीती घालतो, न्यायालयात त्याला पुरावा लागतो, कारण चॅनलवरचा प्रत्येक सदस्य शुल्क भरणारच होता असे गृहीत धरता येत नाही. असे असले तरी दावा खोटा ठरेल, या भरवशावर बसू नका. कलम ६२ मुळे हक्कधारक आपल्या राहण्याच्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायालयातही दावा लावू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या सवलतीला काही मर्यादा घातल्या आहेत. तरीही विद्यार्थ्याला दूरच्या शहरात तारखांना वकील उभा करावा लागण्याची शक्यता राहतेच, आणि तो खर्च स्वतःच एक शिक्षा होऊन बसतो.

पुढे शिकायला परदेशी जाणाऱ्यांनी हेच हिशेब तिकडे लावू नयेत. अमेरिकेत हक्कधारकाला प्रत्यक्ष नुकसान न दाखवताही प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. बॉस्टन विद्यापीठातील एका विद्यार्थ्याविरुद्ध ३० गाण्यांबद्दल २००९ मध्ये ज्युरीने ६,७५,००० डॉलरची भरपाई ठरवली आणि २०१३ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

महाविद्यालयाची शिस्तभंगाची कारवाई हा वेगळा विषय आहे आणि ती त्या त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. वसतिगृहाचे वाय-फाय किंवा ग्रंथालयाचे लॉगिन वापरले नसेल, तर महाविद्यालयाला या प्रकरणात ओढले जाण्याचे कारण सहसा उरत नाही. वापरले असेल, तर मात्र प्रकाशक कधी कधी आपल्या ऑनलाइन साहित्याचा संपूर्ण महाविद्यालयाचाच वापर थांबवतो आणि एकाच्या उद्योगामुळे संशोधन करणाऱ्या सगळ्यांची अडचण होते.

आता काय करायचे ते. वाटप आजच थांबवा, पण पुरावा पुसू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधी चॅनलचा डेटा एक्सपोर्ट करा. त्यात कोणती फाइल, कोणत्या तारखेला, कोणी टाकली हे दिसले पाहिजे. सदस्यसंख्येचे आणि ॲडमिन यादीचे स्क्रीनशॉट घ्या आणि ती प्रत वकिलाकडे द्या. त्यानंतर त्याच्या सल्ल्याने फायली लोकांच्या आवाक्याबाहेर न्या. नोटीस मिळाल्यावर मोबाईल फॉरमॅट करणे, खाते नष्ट करणे किंवा सिमकार्ड फेकून देणे यातून अंगावर येणारा आरोप मूळ प्रकरणापेक्षा जड असू शकतो, कारण पुरावा म्हणून हजर करावी लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय समोरच्याकडे स्क्रीनशॉट आधीपासून असतातच. डिलीट करून तुम्ही फक्त तुमच्या बाजूचा पुरावा गमावता: शुल्क घेतले नव्हते, अमुक फायली दुसऱ्या ॲडमिनने टाकल्या होत्या, अमुक दिवशी वाटप बंद केले होते, असे सगळे.

नोटिशीला स्वतः उत्तर लिहू नका. घाबरून लिहिलेल्या माफीच्या ई-मेलमध्ये मुले न विचारलेल्या गोष्टीही कबूल करून टाकतात. संस्थेच्या कार्यालयात फोन करून विनवण्याही करू नका. उत्तर वकिलामार्फत, मुदतीत आणि मोजके जावे: वाटप थांबवले आहे, पुन्हा करणार नाही, आर्थिक लाभ घेतलेला नाही, मागणीच्या रकमेचा आधार कळवावा. अशा प्रकरणांत संस्थांना खरी गरज असते ती वाटप थांबण्याची, मूळ गळती कुठून झाली ते कळण्याची आणि पुन्हा होणार नाही या लेखी हमीची. विद्यार्थी आहे हे कळल्यावर रकमेवर बोलणी होऊ शकतात. तडजोड झालीच तर ती लेखी हवी, त्यात फौजदारी तक्रार करणार नाही किंवा केलेली असल्यास ती रद्द करण्यास संमती देऊ, असा स्पष्ट उल्लेख हवा आणि रक्कम संस्थेच्या बँक खात्यातच जमा व्हावी. गुन्हा आधीच नोंदला गेला असेल, तर तो पोलीस ठाण्यात बसून मिटत नाही. उच्च न्यायालयात दोन्ही पक्षांच्या संमतीने गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, आणि मुख्यतः दिवाणी स्वरूपाच्या वादांत तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या ग्यान सिंग निकालाने दिली आहे.

एक सावधगिरीची सूचनाही इथेच देतो. वकिलाच्या नावाने येणारी प्रत्येक ई-मेल खरी नसते. वकिलाचे नाव व नोंदणी क्रमांक, ज्या संस्थेच्या वतीने लिहिले आहे तिचे अधिकृत संपर्क आणि उल्लेख केलेल्या फायली तुमच्याच चॅनलवरच्या आहेत का, हे पडताळून पाहिल्याशिवाय कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका.

नोकरीविषयी. नुसती वकिलाची नोटीस म्हणजे फौजदारी खटला नव्हे, आणि अर्जातील ‘तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यामुळे ‘होय’ होत नाही. गुन्हा नोंदला गेला तर मात्र सरकारी नोकरीच्या पडताळणीत, आणि प्रकरण न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्टच्या अर्जातही, तो सांगावा लागतो. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती लपवण्याविषयीच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांचा गाभा असा की विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे. किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात नियोक्ता ती लपवणूक माफ करू शकतो, पण तो त्याचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. गुन्ह्यामुळे नोकरी गेली नसती, पण तो लपवल्यामुळे गेली, अशी वेळ येऊ देऊ नका.

राहिला घरी सांगण्याचा प्रश्न. तुमचा टेलिग्रामचा मोबाईल क्रमांक वडिलांच्या नावावर घेतलेला आहे, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे नेहमीच आढळते. पोलीस किंवा न्यायालय कंपनीकडून सिमकार्डाच्या मालकाचा तपशील मागवतील, तेव्हा त्यात नाव आणि पत्ता वडिलांचा निघेल आणि पहिली नोटीस त्यांच्या हातात पडेल. त्या क्षणी त्यांना काहीच ठाऊक नसेल, तर ते गोंधळून पोलिसांना काहीही सांगून बसतील आणि तपासात ते तुमच्याच विरोधात जाऊ शकते. जामिनाची वेळ आली तर जामीनदार म्हणूनही त्यांनाच उभे राहावे लागेल. म्हणून सात दिवसांची मुदत संपण्याआधी, वकिलाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी, नोटिशीची छापील प्रत हातात ठेवून त्यांना सगळे सांगा आणि वकिलाच्या भेटीला बरोबर घेऊन जा.